लेवी बॉडी डिमेन्शियाचा संशय आहे? न्यूरोलॉजिस्टकडे जाण्याआधी वही तयार करा

लेवी बॉडी डिमेन्शिया हा स्मृती, भान आणि हालचाल बिघडवणारा मेंदूचा आजार. अपॉइंटमेंट मिळेपर्यंतच्या दिवसांत एक वही सुरू करा. नागपूरच्या धंतोलीत तासभर थांबून डॉक्टरांसमोर बसल्यावर माझे सासरे, आमचे बाबा, अजनी लोको शेडमधल्या नोकरीच्या गोष्टी खडाखड सांगत होते. त्याच सकाळी त्यांना शर्टाचं बटण लागत नव्हतं. हा चढउतार या आजारात अनेकदा असतो, पण पंधरा मिनिटांच्या तपासणीत तो दिसेलच असं नाही. वहीत तारीख, वेळ आणि काय घडलं ते लिहा. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओही काढा.

या आजाराच्या निदानाच्या 2017 च्या निकषांतली मुख्य लक्षणं चार: लक्ष आणि भान यांतला चढउतार, नसलेली माणसं किंवा प्राणी स्पष्ट दिसणं, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय मारणं-ओरडणं, आणि पार्किन्सनसारखा मंदपणा, ताठरपणा किंवा कंप. झोपेबद्दल जोडीदारालाच विचारा, कारण ते लक्षण विसरण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. आमच्या सासूबाईंनी केव्हाच वेगळी खाट घेतली होती, पण कोणाला सांगितलं नव्हतं. आधी विसरणं की आधी ताठरपणा, हेही नोंदवा. पार्किन्सन सुरू होऊन वर्ष उलटल्यावर डिमेन्शिया आला, तर निदानाचं नाव बदलतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. फाईलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहा: 'लेवी बॉडीची शक्यता. हॅलोपेरिडॉल देऊ नका, न्यूरोलॉजिस्टला विचारा.' रात्री माणूस बेभान झाला की इमर्जन्सीत शांत करायला अशी औषधं दिली जातात. ती डोपामिनचं, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचं, काम अडवतात, आणि या मेंदूत डोपामिन आधीच कमी असतं. त्यामुळे माणूस एकदम ताठर, गुंगलेला होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड आणि कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल यांबद्दलही आधी विचारा. चालू गोळी मात्र मनाने बंद करू नका.

रिव्हास्टिग्मिन किंवा डोनेपेझिल या औषधांनी अनेकांचं भान आणि भास दोन्ही सुधारतात. डॉक्टरांकडे त्याची चौकशी करा. अल्झायमर की लेवी बॉडी हे ठरत नसेल, तर ट्रोडॅट स्कॅनचा उपयोग होईल का, तेही विचारा. मेंदूतल्या डोपामिनच्या वाटा त्यात दिसतात.

आपल्या उन्हाळ्यात एक काम जास्तीचं. आधी झोपवून, मग उभं करून तीन मिनिटांत बीपी मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर वहीत लिहा. या आजारात उभं राहताच बीपी पडू शकतो, आणि मे महिन्यात पाणी कमी पडलं की माणूस पडू शकतो.

भास होऊन पेशंट 'अंगणात पोट्टे (मुलं) बसलेत' म्हणाले, तर वाद घालू नका. 'त्रास देत नाहीत ना?' एवढं विचारा. भीती वाटत असेल तर दिवा लावा, जवळ बसा.

संशोधनात भाग घ्यायचा असेल, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. स्टेम सेल हा या आजारावरचा मान्य उपचार नाही. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर उठून या.