ब्राझीलच्या बोतेकूत बसायचं कसं

ब्राझीलला जाणार असाल तर एक अख्खी संध्याकाळ बोतेकूसाठी ठेवाच. बोतेकू म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचा साधा बार, आत काउंटर, बाहेर फुटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बेलो ओरिझोंची या शहराला तर लोक बारची राजधानीच म्हणतात, कुठल्या बोतेकूचा पदार्थ सगळ्यात भारी याची मोठी स्पर्धा पण २००० साली तिथूनच सुरू झाली.

बसलात की बिअर मागवा, पण ६०० मिलीची बाटली आली की ती आपली एकट्याची समजू नका, ती टेबलाची असते. सोबत उभ्या रेघांचे छोटे ग्लास येतात, जेमतेम १९० मिलीचे, आणि ते छोटे असतात तेच बरं, कारण तिकडे बिअर बर्फासारखी गार लागते आणि छोट्या ग्लासातली गरम व्हायच्या आत संपते. शेजारच्याचा ग्लास रिकामा दिसला तर आधी त्याचा भरा मग आपला. नळाची बिअर हवी तर शॉपी म्हणा, आणि वरचा फेस काढायला लावू नका, गारवा टिकावा म्हणून तो मुद्दाम ठेवतात.

खायचं सगळं एकदम मागवू नका हो! एक प्लेट मधे ठेवायची, सगळ्यांनी टूथपिकने उचलायचं, संपली की दुसरी. काउंटरवर काचेचं गरम कपाट असतं, त्यात कोशिन्या दिसेल, थेंबाच्या आकाराची, आत चिकनचा कीस, पण ती सकाळपासून पडलेली असू शकते म्हणून आत्ता काय तळलंय ते आधी विचारा. खारवलेल्या कॉड माशाचे आणि बटाट्याचे गोळे, बोलीन्यू जी बाकल्याउ, ते मात्र सोडू नका, बाहेरून कुरकुरीत आणि आत एकदम मऊ, वर लिंबू पिळून. शनिवार असेल तर काळ्या घेवड्याची आणि डुकराच्या मांसाची फेज्वादा.

शाकाहारी असाल तर तळलेला कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद), चीजचा पास्तेल म्हणजे सारण भरून तळलेली कुरकुरीत पारी, नाहीतर सरळ बताता फ्रीता म्हणजे तळलेला बटाटा, बताता हा शब्द तर आपल्याला शिकवायलाच नको 😊 घेवड्याचं सूप साधं दिसतं पण त्यात बरेचदा डुकराचं मांस असतं, विचारूनच घ्या.

बिलात बहुतेक वेळा १० टक्के सर्व्हिस लावलेली असते, सक्ती नाही पण लोक देतात, तुम्हीही द्या. आणि बिल मागायच्या आधी सायदेरा मागवा, म्हणजे निघतानाची शेवटची बाटली. ती आली की अजून अर्धा तास तरी कुणी उठत नाही.