रस्त्यावरचे इंटरव्हल : पहिली फेरी सांभाळा

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला इंटरव्हलबद्दल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत वेगात पळायच्या फेऱ्यांबद्दल, हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘जीव तोडून पळ, दम खा, पुन्हा पळ.’ असं पळून पोटऱ्या आणि मांड्यांचे मागचे स्नायू दुखावून घेतलेले अनेक जण मी पाहिले आहेत. इंटरव्हलमध्ये वेग, अंतर आणि मधली विश्रांती आधीच ठरलेली असते, आणि शेवटच्या फेरीला पहिल्या फेरीइतकाच वेळ लागला पाहिजे. तसं झालं तरच सराव झाला म्हणायचा.

आठवड्यातून चार दिवस पळणं आणि दीड तासाचा लाँग रन (आठवड्यातलं सर्वात लांब, सावकाश पळणं) हे काही महिने बिनतक्रार होत असेल, तरच पुढचं वाचा.

रस्ता

चौक, सिग्नल, गतिरोधक नसलेला एक किलोमीटरचा सपाट पट्टा शोधा. दर २५० मीटरवर एखादा खांब किंवा झाड हेरून ठेवा. मोजणीत पाच-दहा मीटर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, कारण तुलना त्याच पट्ट्यावरच्या आपल्याच फेऱ्यांशी करायची आहे.

पाणी वाहून जावं म्हणून बहुतेक रस्ते कडेला उतरते असतात. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून जाताना एका कडेने आणि येताना दुसऱ्या कडेने पळालात, तरी दोन्ही वेळेला तोच पाय खालच्या बाजूला राहतो. सावकाश पळताना हे जाणवत नाही. वेगात मात्र घोट्याला आणि कमरेला जाणवतं. म्हणून वर्दळ नसलेला, मधल्या सपाट भागातून पळता येईल असाच रस्ता निवडा, आणि कानात काही घालू नका.

वेग आणि अंतर

वेग तुमच्या आजच्या पाच किलोमीटरच्या शर्यतीचा. पुढच्या वर्षी हवा असलेला नव्हे, मित्राचाही नव्हे. पाच किलोमीटर २५ मिनिटांत होत असेल तर पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) ५:०० आणि एक किलोमीटरची फेरी पाच मिनिटांची. पाच किलोमीटरला ३० मिनिटं लागत असतील तर फेरी ८०० मीटरची ठेवा, ती ४:४८ मध्ये होईल. एक फेरी साधारण तीन ते पाच मिनिटांची असावी. सुरुवात चार फेऱ्यांनी, नंतर पाच, मग सहा. हौशी धावपटूने याच्या पुढे जायची गरज मला कधी वाटली नाही.

वॉर्मअप

१५ मिनिटं सावकाश पळा, मग १०० मीटरच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे वेग हळूहळू वाढवत नेलेल्या छोट्या धावा. यात काटछाट नको.

पहिली फेरी

सगळा सराव इथे बिघडतो. मलाही सर्वात जास्त झगडावं लागलं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवातीला पाय ताजे असतात आणि दम लागलेला नसतो, त्यामुळे ५:०० चा पेस फारच सोपा वाटतो. शरीराचा प्राणवायूचा वापर एकदम वर जात नाही, त्याला दीड-दोन मिनिटं लागतात. तोपर्यंतची तूट स्नायू प्राणवायूशिवाय तयार होणाऱ्या ऊर्जेतून भरून काढतात. तुम्ही जितक्या जोरात सुटाल तितकी ती उधारी मोठी होते, आणि तिची वसुली चौथ्या-पाचव्या फेरीत होते. पाचवी फेरी कोलमडली की लोक म्हणतात, ‘स्टॅमिना कमी पडला.’ बहुतेक वेळा स्टॅमिना पुरेसा असतो. पहिले २५० मीटर ७५ सेकंदांऐवजी ६५ मध्ये गेलेले असतात.

अशा वेळी घड्याळावरचा क्षणाचा पेस बघून पळू नका. जीपीएसचा तो आकडा काही सेकंद मागे असतो, आणि झाडांखाली किंवा उंच इमारतींजवळ तर मनाला येईल तसा हलतो. तो ५:२० दाखवतो म्हणून तुम्ही जोर लावता, आणि खरा वेग तेव्हाच ४:४० झालेला असतो. हृदयाचे ठोकेही इथे कामाचे नाहीत. तेही सावकाश चढतात, आणि मनगटावरचा सेन्सर वेगात पळताना चुकू शकतो. ऑटो-लॅप (घड्याळाने ठरावीक अंतराला आपोआप फेरी नोंदवायची सोय) बंद करा, फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी लॅपचं बटण स्वतः दाबा, आणि मध्ये फक्त खुणांपाशी वेळ बघा : १:१५, २:३०, ३:४५, ५:००.

पहिली खूण १:१५ च्या आधी आली तर तिथेच वेग कमी करा. ‘आता मिळालेत पाच सेकंद, राहू देत’ हा विचार सोडा. ते सेकंद तुम्हाला मिळालेले नाहीत, पुढे द्यायचे आहेत. उलट खूण १:१८ ला आली तर उरलेल्या फेरीत भरपाईसाठी धावू नका. त्या फेरीला तीन-चार सेकंद जास्त लागू देत. पहिली फेरी संपल्यावर ‘हे फार हलकं झालं’ असं वाटलं, तर वेग बरोबर आहे. दुसरी ठीक वाटेल, तिसरीपासून काम सुरू होईल. पहिलीलाच गुडघ्यांवर हात टेकावे लागले, तर वेगाचा आकडाच चुकला आहे. त्याच दिवशी वेग कमी करा, किलोमीटरमागे दहा सेकंद जास्त घ्या.

वारा असेल किंवा थोडा चढ असेल तर जाण्याच्या फेऱ्या जाण्याच्या फेऱ्यांशी आणि येण्याच्या येण्याच्या फेऱ्यांशी ताडून बघा. वाऱ्याविरुद्ध तोच आकडा खेचून आणायचा प्रयत्न करू नका. तिथे श्वास सारखा ठेवा.

मधली विश्रांती

उभं राहायचं नाही. पट्ट्याच्या टोकापासून २०० मीटर पुढे सावकाश पळत जा आणि परत या. किलोमीटरला सात मिनिटांच्या चालीने हे ४०० मीटर २:४८ मध्ये होतात, आणि तुम्ही पुढच्या फेरीच्या सुरुवातीला हजर असता. पळत राहिल्याने रक्तातलं लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ) उभं राहण्यापेक्षा लवकर कमी होतं आणि पुढच्या फेरीत प्राणवायूचा वापर लवकर वर जातो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकणारा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्यांसाठी ओळखला जातो. त्याचं नाव घेऊन जीव तोडायला सांगणारे लोक, तो दोन फेऱ्यांच्या मध्ये २०० मीटर सावकाश पळायचा, हे सांगत नाहीत.

कधी थांबायचं

तेवढाच जोर लावूनही एखाद्या फेरीला आधीपेक्षा आठ-दहा सेकंद जास्त लागले तर सराव तिथेच संपवा. एका बाजूलाच टोचणारं दुखणं जाणवलं तर फेरीच्या मध्येच थांबा आणि चालत घरी जा. ‘एकच राहिली आहे’ म्हणून पळालेली फेरी कित्येक आठवडे घरी बसवते.

शेवटी दहा मिनिटं सावकाश पळणं.

आठवड्यात कुठे बसवायचं

आठवड्यातून एकदाच. लाँग रनपासून किमान दोन दिवस दूर, आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती किंवा अगदी सावकाश पळणं. सलग तीन आठवडे सगळ्या फेऱ्या तीन-चार सेकंदांच्या फरकात बसल्या तर एक फेरी वाढवा, वेग नको. वेग फक्त पाच किलोमीटरची नवी वेळ आल्यावर बदलायचा. मॅरेथॉनच्या आधीचे शेवटचे दहा-बारा दिवस हा पूर्ण सराव करू नका. त्या काळात दोन-तीन फेऱ्या, त्याही मॅरेथॉनच्या पेसने, पुरेशा होतात.