बरणीतला साप आणि सुटलेली शाई

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ बघत आम्ही मोठे झालो. त्यामुळं एमएस्सीनंतर एका कॉलेजच्या छोट्याशा प्राणिसंग्रहालयात काम मिळालं, तेव्हा वाटलं, आता आपणही वाघ भरणार. पहिले चार महिने मी बरण्या पुसल्या.

त्यातच घोळ घातला. सापांच्या बरण्यांतल्या पिवळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि बॉलपेननं सुबक अक्षरात नव्या लिहून आत सोडल्या. आत ७० टक्के अल्कोहोल. काही दिवसांत शाई सुटली, कागद कोरे. नानेटी राधानगरीची की आंबोलीची, कुठल्या साली मिळाली, सगळं गेलं. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, आता हे साप न्हाईत, लोणचं हाय." खरंच होतं ते. ठिकाण आणि तारीख नसलेला नमुना अभ्यासाच्या फारसा कामाचा नसतो. चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलनं लिहा, बरणीच्या आत ठेवा, तीच नोंद रजिस्टरात करा. जुनी चिठ्ठी फाटकी असली तरी टाकू नका.

फॉर्मॅलिनबद्दल, म्हणजे नमुना कुजू नये म्हणून वापरायच्या रसायनाबद्दल थोडं. '१० टक्के' म्हणजे बाजारातल्या बाटलीतलं एक भाग आणि पाणी नऊ भाग. मोठ्या नमुन्याच्या पोटात ते सुईनं सोडावं लागतं, नाहीतर बाहेरून टणक आणि आतून कुजलेला. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांना तर उघडा हात लावूच नका, पूर्वी कातडीला आर्सेनिक चोळायचे.

खरी परीक्षा पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की गाव पुराकडं बघतं, आम्ही कपाटातल्या बुरशीकडं. भरलेल्या पक्ष्याच्या पायाशी बारीक भुसा किंवा केसाळ अळीची कात दिसली, तर कीड लागली समजा. अख्खा पक्षी पिशवीत घट्ट बांधून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, ओल धरते.

जीवाश्मांना हवा आणखी कोरडी लागते. आमच्याकडं त्रिचनापल्लीकडचे दोन-तीन अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखासारखे समुद्री जीवाश्म आहेत. इथला काळा दगड लाव्हाचा, त्यात असलं काही मिळत नाही. काही जीवाश्मांत पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज असतं. दमटपणा ६० टक्क्यांच्या वर राहिला की त्याचं आम्ल होतं, पांढरट-पिवळी भुकटी सुटते आणि गंधकासारखा वास येतो. असला दगड नळाखाली धरू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

आणि रस्त्यावर मेलेलं उदमांजर कुणी पिशवीत घालून आणलं, तर आधी वनखात्याला फोन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हौसेला जागा नाही.

त्या बरण्या अजून आहेत. आत पेन्सिलनं लिहिलंय, 'ठिकाण अज्ञात'. पहिल्या वर्षाची पोरं त्यांवर खवले मोजायला शिकतात.