मेझो-सोप्रानोच्या करिअरमधल्या या चुका टाळा

आपल्याकडे गायिका काळी चारमध्ये गाणार की काळी पाचमध्ये, हे तिचं ती ठरवते आणि तानपुरे तसे लागतात. ऑपेरात ही सोय नाही. फ्रेंच संगीतकार बिझेनं १८७५ साली आपल्या ऑपेराची नायिका कार्मेन हिची सुरावट जिथे लिहून ठेवली, तिथेच ती गायची. एका गायिकेसाठी अख्खा ऑर्केस्ट्रा सहसा पट्टी बदलत नाही. म्हणून आपला गळा कुठल्या भूमिकांचा, हे ओळखण्यात झालेली चूक पुढे वर्षानुवर्षं भोवते. मेझोंच्या, म्हणजे मधल्या उंचीच्या स्त्री-आवाजाच्या गायिकांच्या, बाबतीत ती सर्रास होते, कारण हा आवाज सोप्रानोला, म्हणजे सर्वांत उंच स्त्री-आवाजाला, लागूनच असतो.

वरचा सूर मोजून आवाज ठरवू नका

‘वरचा सी लागतो, म्हणजे मी सोप्रानो’ हा हिशेब चुकीचा आहे. तो सूर अनेक मेझोंनाही लागतो. आवाज कुठवर पोचतो यापेक्षा अडीच तास तो कुठे मुक्काम करू शकतो, हे पाहायचं असतं. गायक याला टेसिटुरा म्हणतात. रॉसिनीनं १८१६ साली ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’मधली रोझिना खालच्या आवाजासाठी लिहिली. पुढे सोप्रानोंनी ती वर चढवून आपलीशी केली, पण मूळ लेखन मेझोच्या गळ्यात जास्त शोभतं असं माझं मत.

शंका असेल तर एखादी आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकटीचं गाणं, गाऊन निर्णय घेऊ नका. मोझार्टच्या ऑपेरांतली केरुबिनो किंवा डोराबेलाची पूर्ण भूमिका आठवडाभर रोज गा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोलताना आवाज कसा आहे ते बघा.

उलटी चूकही होते. मुंबई-गोव्यातल्या चर्चच्या कॉयरमध्ये जी मुलगी नोटेशन चटकन वाचते तिला ऑल्टोत, म्हणजे सोप्रानोंच्या खालच्या ओळीत, बसवतात, कारण मधली ओळ सांभाळायला वाचता येणारी माणसं लागतात. दहा वर्षांनी ती स्वतःला मेझो समजायला लागते. प्रत्यक्षात तिचा वरचा आवाज कुणी उघडलेलाच नसतो. पंचविशीच्या आत यावर शिक्का मारून घेण्याची घाई कशाला?

व्हेर्दी लवकर गाऊ नका

इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या जड भूमिका लवकर घेणं, सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ‘इल त्रोवातोरे’मधली आझुचेना (१८५३), ‘डॉन कार्लोस’मधली एबोली (१८६७), ‘आयडा’मधली अम्नेरिस (१८७१): मेझोला नाट्य हवं असतं आणि ते इथे ठासून भरलंय. पण समोर पितळी वाद्यं असतात. त्यांच्यावर मात करायला तरुण गायिका छातीचा आवाज खालून वर ओढत नेते. पहिलं वर्ष टाळ्या मिळतात. मग आवाज हलायला लागतो, मधल्या सप्तकात पोकळी पडते आणि हळू गाताच येत नाही.

ऑर्केस्ट्राच्या पलीकडे आवाज जातो तो जोरामुळे नव्हे. तयार गळ्यात सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपास घुमारा एकवटतो आणि तिथे वाद्यांची ताकद तुलनेनं कमी असते. तो घुमारा आलेला नसताना जोर लावणं म्हणजे गळा झिजवणं.

सकाळी एखादी सोपी ओळ अगदी हलक्या आवाजात, वरच्या सुरांत म्हणून बघा. आवाज फुटायला उशीर होत असेल किंवा मध्येच हवा येत असेल, तर स्वरतंतूंवर सूज असू शकते. त्या दिवशी जड गाणं बंद. हे रोजचंच झालं तर ती भूमिका काही महिने बाजूला ठेवून मोझार्ट-रॉसिनीकडे परता, आणि नळीतून फुंकत सूर लावायचे व्यायाम सुरू करा.

क्रिस्टा लुडविगनं मेझो असून बेथोव्हनच्या लिओनोरेसारख्या सोप्रानो भूमिका गाजवल्या, पण मोठ्या कंडक्टरांनी गळ घालूनही वाग्नरची जड इझोल्डे रंगमंचावर गायली नाही. १९२८ साली जन्मलेली ही बाई १९९४पर्यंत गात होती. चेचिलिया बार्तोलीचा आवाज मुळात फार मोठा नाही. तिनं रॉसिनी, मोझार्ट आणि विवाल्डीवर कारकीर्द उभी केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात सुमारे ३,८०० प्रेक्षक बसतात, इंग्लंडच्या ग्लाइंडबोर्नमध्ये १,२००च्या आसपास. भूमिका तीच असली तरी ही दोन वेगळी कामं आहेत.

पुरुषवेष शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. फक्त इथे उलटं आहे: केरुबिनो, ‘डेर रोझेनकाव्हालियर’मधला ऑक्टेव्हियन, हान्सेल ही मुलं बायका रंगवतात. त्यातले पहिले दोघे नाटकात पुन्हा बाईचा वेषही घेतात! चाल, बसणं, तलवार या गोष्टी पहिल्या तालमीपासून बूट घालून करा. छाती आवळणारा पट्टा असेल तर कपड्यांच्या मापाच्या वेळी पूर्ण आवाजात गाऊन दाखवा, नाहीतर प्रयोगात श्वास अडकतो.

मैफलीला ऑपेराची विश्रांती समजू नका

माहलरच्या दुसऱ्या सिंफनीत मेझोची खरी परीक्षा चौथ्या भागात येते. त्याआधी पाऊण तासाच्या आसपास ऑर्केस्ट्रा वाजत असतो आणि मग तिला थंड गळ्यानं, अगदी हळू सुरुवात करायची असते. दुसऱ्या-तिसऱ्या भागानंतर मंचावर येता येईल का, हे कंडक्टरला आधीच विचारा. एकट्या पियानोबरोबरच्या गीतगायनात मात्र पट्टीची मोकळीक आहे. शूबर्ट-ब्राम्सची गीतं उंच, मध्यम आणि खालच्या आवाजासाठी वेगवेगळी छापून मिळतात. मूळ पट्टीचा हट्ट धरण्यात काही पुण्य नाही.

ऑडिशनला कार्मेनची प्रसिद्ध आरिया ‘हाबानेरा’ नको. परीक्षकांनी ती इतकी ऐकलेली असते की तुमचं काही वेगळं उरत नाही, आणि वरचे सूरही दिसत नाहीत. पहिली आरिया साधारणपणे तुम्ही निवडता, दुसरी तुमच्या यादीतून ते मागतात. म्हणून आज गाता येणार नाही अशी एकही आरिया यादीत लिहू नका.

आजारपणातली हुशारी

तालमीत गळा वाचवायला एक सप्तक खाली गाण्याची सवय मेझोंना विशेष त्रास देते, कारण ते सूर बोलण्याच्याही खाली, दाबूनच निघतात. त्याऐवजी आहे त्याच सप्तकात हलकं गा, वरचे तेवढे सोडा. घसा बसल्यावर कुजबुजत बोलू नका, त्यानंही ताण पडतो. काही सर्दीच्या गोळ्या घसा कोरडा करतात. घशाला इजा झालेली असताना ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तस्रावाचा धोका असतो.

२००९ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात रोझिना गाताना मेझो जॉयस डिडोनाटोचा पाय मोडला. तिनं तो प्रयोग पूर्ण केला आणि पुढचे व्हीलचेअरवरून केले. पाय मोडून गाता येतं. आवाज एकाएकी गेला तर मात्र प्रयोग रद्द करा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे स्वरतंतूंची हालचाल दाखवणारी तपासणी, होईल का ते विचारा. साधा घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तरीही हेच.