जर-तरची इंग्रजी वाक्यं अशी पक्की झाली
काळांचे तक्ते पाठ असूनही बोलताना माझं इंग्रजी 'इफ'पाशी अडायचं. तोडगा सापडला तो एकच प्रसंग धरून वाक्य फिरवण्यात. पावसाची शक्यता खरीच आहे: 'इफ इट रेन्स, आय विल स्टे होम.' नुसती कल्पना आहे: 'इफ इट रेन्ड, आय वुड स्टे होम.' वेळ निघून गेली, पाऊस पडलाच नाही: 'इफ इट हॅड रेन्ड, आय वुड हॅव स्टेड होम.'

मधल्या वाक्यातलं 'रेन्ड' भूतकाळ सांगत नाही, वास्तवापासूनचं अंतर सांगतं. हे कळलं आणि गुंता सुटला. आपणही 'पाऊस आला तर' म्हणतो, तेव्हा पाऊस अजून आलेला नसतोच की! त्यामुळे आता मी आधी काळ शोधत नाही. ही गोष्ट अजून घडू शकते का, एवढं स्वतःला विचारतो. 'इफ'च्या भागात 'विल' सहसा येत नाही, हेही ध्यानात ठेवतो.

सराव मात्र तोंडी करा, मोठ्याने. रिकाम्या जागा भरण्यापेक्षा आज घडलेली एखादी गोष्ट घ्या आणि ती घडली नसती तर काय झालं असतं, ते इंग्रजीत सांगा. सगळ्यात अवघड वाटणारा तिसरा प्रकार माझ्या जिभेवर याच वाटेने बसला.