चौकातल्या कॅमेऱ्याचा हिशोब कसा मागायचा

गेल्या वर्षी आईचं मंगळसूत्र ओढून नेलं. सकाळी सव्वासातला दूध आणायला गेली होती, बाईकवर दोघंजण आले आणि गेले, तिची मान आठ दिवस दुखत होती. चौकात खांबावर तीन कॅमेरे आहेत, त्यामुळे चौकीत जाताना मला वाटत होतं निदान नंबर तरी दिसेल. तिथे सांगितलं, ताई, तो कॅमेरा बंद आहे. कधीपासून बंद, कुणी बंद केला, दुरुस्त कोण करणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आमच्या घरी या विषयावर आधीपासून वाद असायचा. दादा म्हणायचा जेवढे कॅमेरे तेवढं बरं, आपल्याला काही लपवायचंय का, आणि मी म्हणायचे की सरकारने सगळ्यांवर चोवीस तास डोळा का ठेवायचा. त्या दिवशी कळलं की आम्ही दोघं ज्या कॅमेऱ्यावरून भांडत होतो त्याबद्दल दोघांनाही काडीची माहिती नव्हती. म्हणून हे लिहितेय. तुम्ही दादाच्या बाजूचे असा की माझ्या, विचारायचे प्रश्न तेच आहेत आणि विचारायची पद्धतही तीच.

सगळ्यात आधी एक घाईची गोष्ट. तुमच्याबाबतीत काही घडलं असेल, चोरी, अपघात, मारहाण, पोलिसांशी झालेला प्रसंग, तर आरटीआयच्या, म्हणजे माहिती अधिकार कायद्याखालच्या अर्जाच्या, मागे लागायच्या आधी त्याच दिवशी एक साधा अर्ज द्या, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने, की अमुक तारखेचं अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं या ठिकाणचं फुटेज जतन करून ठेवावं. फुटेज कायमचं राहत नाही, ठराविक दिवसांनी त्याच्यावरच नवीन रेकॉर्डिंग चढतं, आणि आरटीआयच्या उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणजे उत्तर येईपर्यंत पुरावा गेलेला असू शकतो. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. शेजारच्या मेडिकलवाल्याचा, सोसायटीचा कॅमेरा असेल तर त्यांनाही हात जोडून सांगा की पुसू नका. पुढे कोर्टात द्यायचं झालं तर नुसता पेनड्राइव्ह चालत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते ज्याच्या ताब्यात मशीन आहे त्याच्याकडून घ्यावं लागतं आणि त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते.

आता मूळ मुद्दा. कॅमेरे आले कुठून हे विसरून चालणार नाही. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबईत सीसीटीव्हीची शिफारस केली होती आणि शहरभराची यंत्रणा प्रत्यक्ष सुरू व्हायला २ ऑक्टोबर २०१६ उजाडलं, तेव्हा साधारण ४७०० कॅमेरे होते. पुण्यात २०१० च्या जर्मन बेकरी स्फोटात १७ माणसं गेली. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना कॅमेरा हवासा वाटला तर त्यात काहीच चूक नाही. पण तेव्हाचा कॅमेरा आणि आताचा कॅमेरा यात फरक पडलाय. पूर्वी गुन्हा घडल्यावर माणूस बसून फुटेज बघायचा, आता सॉफ्टवेअर चेहरे ओळखतं, गाडीचे नंबर वाचतं, ते साठवतं. महाराष्ट्र पोलिसांकडे बोटांचे ठसे, तळवे, चेहरा, डोळ्यांची बुबुळं एकत्र जुळवणारी अ‍ॅम्बिस नावाची प्रणाली आहे, २०२४ मध्ये मार्व्हल नावाची सरकारी कंपनी पोलिसांसाठी एआय आणायला काढली गेली. आणि चेहरा ओळखण्याच्या तंत्रावर खास असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

दिल्लीचं उदाहरण बघा. २०२२ मध्ये आरटीआयच्या उत्तरातून बाहेर आलं की दिल्ली पोलीस ८० टक्क्यांच्या वर साम्य आलं की चेहरा जुळला असं धरतात. आता ८० च का, ७० का नाही, ९५ का नाही? एखाद्याचा चेहरा चुकून ८१ टक्के जुळला तर त्याच्या घरी पोलीस येणार. हा आकडा कुणी भाषणात सांगितला नव्हता, कुणीतरी अर्ज केला म्हणून तो आपल्याला कळला. म्हणून मी आरटीआयवर एवढा भर देतेय.

काय विचारायचं ते सुप्रीम कोर्टानेच सोपं करून ठेवलंय. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यामागे कायदा हवा, रास्त कारण हवं आणि जेवढ्यास तेवढंच करायला हवं. माझ्या भाषेत सांगायचं तर, कुठल्या अधिकारात लावलाय, कशासाठी लावलाय, किती साठवताय आणि कोण बघतंय. आईच्या प्रकरणानंतर मी यात एक जोडलं, चालू आहे का?

कुणाला विचारायचं यात लोक अडकतात. खांब महापालिकेचा, पैसे कधी स्मार्ट सिटीचे कधी आमदार निधीचे, कंट्रोल रूम पोलिसांची, देखभाल खासगी कंपनीची. एकाच ठिकाणी अर्ज टाकला की ते म्हणतात आमच्याकडे नाही, पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, तुम्हाला परत पाठवायचं नसतं. तरी मी सांगेन की दोन वेगळे अर्ज करा, एक पोलीस आयुक्तालयाला किंवा अधीक्षक कार्यालयाला, एक महापालिकेच्या विद्युत विभागाला. आणि अर्जाच्या आधी एक फुकटची गोष्ट करून बघा. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे महापालिका, नगरपालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघता येतात. टेंडरची फाईल, देखभालीचा करार तिथेच चाळायला मिळाला तर अर्ज नेमका लिहिता येतो.

महाराष्ट्रात अर्जाला दोन बंधनं आहेत, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. म्हणून पाल्हाळ नको, तुमची कहाणी नको, मंगळसूत्राचं तर अजिबात लिहू नका (मी पहिल्या अर्जात लिहिलं होतं, अर्धे शब्द त्यातच संपले). आणि "का" विचारू नका. माहिती अधिकारात तुम्हाला जे कागदावर आहे ते मिळतं, अधिकाऱ्याचं मत मिळत नाही. "कॅमेरा का बंद होता" याला उत्तर येणार नाही, "कॅमेरा बंद असल्याच्या नोंदींची प्रत द्या" याला द्यावं लागतं. मी दुसऱ्यांदा जे लिहिलं ते जवळपास असं होतं:

"विषय: अमुक चौकातील सीसीटीव्ही कॅमेरे. कालावधी: मागील दोन वर्षे. १) सदर चौकातील कॅमेऱ्यांची संख्या व बसवल्याचा दिनांक. २) कॅमेरे बसवण्याच्या मंजुरी आदेशाची प्रत. ३) फुटेज किती दिवस साठवावे व कोणत्या पदावरील अधिकाऱ्यांनी पाहावे याबाबतच्या आदेशाची अथवा कार्यपद्धतीची प्रत. ४) चेहरा ओळखणारी प्रणाली या कॅमेऱ्यांना जोडलेली आहे काय, असल्यास त्याबाबतचा आदेश व साम्याची टक्केवारी निश्चित करणारा दस्तऐवज. ५) फुटेज बाहेरील व्यक्ती अथवा संस्थेस दिल्याच्या नोंदवहीची प्रत, व्यक्तींची नावे वगळून. ६) कॅमेरे बंद असल्याच्या नोंदी, देखभाल करार व कंत्राटदारास आकारलेल्या दंडाचा तपशील."

"नावे वगळून" हे शब्द मुद्दाम आहेत. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) डेटा संरक्षण कायद्याने बदललंय, नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू आहे, आणि आता कुठल्याही कागदावर कुणाचं नाव असलं की वैयक्तिक माहिती म्हणून अख्खा कागद अडवणं सोपं झालंय. मला हा बदल अजिबात पटलेला नाही, कारण त्याच डेटा कायद्यात सरकारी यंत्रणांना भरपूर सूट आहे, म्हणजे त्यांच्याकडची आपली माहिती मोकळी आणि आपल्याला त्यांची माहिती मिळणार नाही. पण आहे तो कायदा धरून चालायचं तर नावं मागू नका, पदं मागा, आकडे मागा, आदेश मागा. कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, ते अपिलात लिहा.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. राज्याच्या आरटीआय पोर्टलवर तुमचं कार्यालय सापडलं तर घरबसल्याही होतो. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. हाताने दिलात तर पोच घेतल्याशिवाय हलू नका, पोस्टाने पाठवलात तर पावती अर्जाच्या प्रतीलाच स्टेपल करून ठेवा. ३० दिवसांत काहीच आलं नाही तर कायद्याने तो नकार धरला जातो, आणि उशिरा दिली तर माहिती फुकट द्यावी लागते, झेरॉक्सचे पैसे मागितले तर कलम ७(६) दाखवा.

उत्तर बहुतेक वेळा "सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही" असं एका ओळीत येतं. इथेच बरेच जण सोडून देतात. सोडू नका. कुठलं कलम लावलंय ते आधी बघा. ८(१)(क) म्हणजे देशाची सुरक्षा, ८(१)(ज) म्हणजे तपासाला अडथळा. तपास चालू आहे एवढंच कारण पुरत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, हे दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्ये भगत सिंग नावाच्या एका अर्जदाराच्या प्रकरणात सांगितलंय. कलम १० प्रमाणे संवेदनशील भाग खोडून बाकीचा द्यावा लागतो. कॅमेऱ्याचा कोन, कंट्रोल रूमचा नकाशा नका देऊ, मलाही तो नकोय, चोराच्या हातात पडेल, पण फुटेज किती दिवस ठेवता या आकड्याने देशाला धोका कसा होईल? पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला दर वेळी मोकळीक मिळणार नाही. पहिलं अपील ३० दिवसांत, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या खंडपीठाकडे, तिथे मात्र रांग लांब आहे, धीर धरावा लागतो. माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची असते, तुमची नाही, आणि आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड लावू शकतो.

फोन टॅपिंगबद्दल मला बरेच जण विचारतात. "माझा फोन टॅप होतोय का" हे आरटीआयने कळेल अशी आशा ठेवू नका. नियम असे आहेत की राज्यात गृह विभागाच्या सचिवांचा लेखी आदेश लागतो, आदेश ६० दिवसांचा, वाढवून वाढवून १८० च्या पुढे जाता येत नाही, आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती तो तपासते. यात कुठेही न्यायाधीश नाही, मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. पण कोर्टात गेलं तर फरक पडतो, मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचेच्या एका केसमधले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच तिथे नव्हता, आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. आरटीआयमध्ये विचारायचंच तर आकडे विचारा, किती आदेश निघाले, समितीच्या किती बैठका झाल्या. आणि लवकर विचारा, कारण हे रेकॉर्ड दर सहा महिन्यांनी नष्ट करायची नियमातच सोय आहे.

नाकाबंदीत फोन उघडून दाखवा म्हटलं तर आवाज न चढवता विचारा की कुठल्या कलमाखाली, लेखी नोटीस आहे का. फोन ताब्यात घेत असतील तर पंचनाम्याची प्रत मागा, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आता नागरी सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १०५ प्रमाणे करायचंच असतं. हुज्जत घालू नका, वेळ, ठिकाण, बक्कल नंबर लिहून ठेवा आणि नंतर लेखी तक्रार करा.

कॅमेरा आपल्या बाजूनेही वळतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात दारं, लॉकअप, व्हरांडा, स्वागतकक्ष सगळीकडे कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष राहायला हवं. ठाण्यात तुमच्याशी किंवा तुमच्या माणसाशी गैरवागणूक झाली असेल तर वर सांगितलेला जतन करण्याचा अर्ज तिथेही चालतो, फक्त तो त्याच ठाण्यात न देता अधीक्षक किंवा उपायुक्त कार्यालयात द्या आणि एक प्रत राज्य मानवी हक्क आयोगाला पाठवा.

माझ्या अर्जाचं सांगते. महापालिकेकडून ४१ व्या दिवशी उत्तर आलं, देखभालीचा करार संपून सात महिने झाले होते, नवीन काढलाच नव्हता. ते उत्तर घेऊन आम्ही सोसायटीतले नऊ जण वॉर्ड ऑफिसला गेलो, दादा सगळ्यात पुढे होता, दीड महिन्यात तिन्ही कॅमेरे चालू झाले. चौथ्या प्रश्नाला, म्हणजे चेहरा ओळखण्याच्या, "माहिती देता येत नाही" एवढंच आलं, कलम लिहिलेलं नाही. त्याचं पहिलं अपील टाकलंय. सुनावणीची नोटीस आली की मूळ अर्ज, पोच, उत्तर आणि अपील या चारही कागदांचे दोन सेट घेऊन जा, एक तुमचा आणि एक अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायला, कारण बऱ्याचदा त्यांच्या फाईलमध्ये तुमचा अर्जच नसतो.