एजंटला फक्त वाचायची परवानगी दिली होती, तरी पट्ट्या गेल्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये मी कापूस खरेदीचा डेटाबेस सांभाळतो. मालकाने मोबाइलवर विचारायचं, 'आज किती क्विंटल आला, कोणाचे चुकारे बाकी?', आणि एआय एजंटने (प्रश्न समजून स्वतः डेटाबेस चाळणाऱ्या प्रोग्रामने) पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधून वाचून सांगायचं, एवढंच काम होतं. एजंटसाठी वेगळा रोल, म्हणजे डेटाबेसमधलं खातं, केला, त्याला सिलेक्टपुरताच, म्हणजे वाचण्यापुरताच, ग्रँट (हक्क) दिला आणि निर्धास्त झालो.

मग एका सकाळी एक काका काट्यापाशी पट्टी, म्हणजे कापसाच्या वजनाची पावती, घेऊन आले. कार्बनची निळी, पुसट अक्षरं, वजन 14 क्विंटल 60 किलो. स्क्रीनवर तो नंबरच नाही! शोधलं तर एकूण 11 पट्ट्या गायब. काका काही बोलले नाहीत, पट्टी घडी करून खिशात ठेवली. ते मला अजून आठवतं.

झालं काय ते नीट समजून घ्या. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दुबार पट्ट्या पुसून टाकणारं एक फंक्शन (डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम) होतं, सिक्युरिटी डिफायनर म्हणून लिहिलेलं. म्हणजे बोलावणारा कोणीही असो, ते चालतं ज्याच्या मालकीचं आहे त्याच्या हक्काने. वरून, पोस्टग्रेसमध्ये नवं फंक्शन चालवायची परवानगी मुळातच पब्लिकला, म्हणजे प्रत्येक रोलला असते. बेरीज जुळेना म्हणून एजंटने ते फंक्शन सिलेक्टमधून बोलावलं. ग्रँटने अडवावं असं त्यात काहीच नव्हतं. एका दिवशी सारख्याच वजनाच्या दोन गाड्या आल्या की फंक्शनला त्या दुबार वाटायच्या.

म्हणून एक्झिक्यूटचा, म्हणजे फंक्शन चालवायचा, हक्क पब्लिककडून रिव्होक करा (काढून घ्या), आणि पुढच्या फंक्शनसाठी डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस, म्हणजे आपोआप मिळणारे हक्कही बदला. ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधला एकेक व्यवहार) डिफॉल्टने रीड-ओन्ली, म्हणजे वाचण्यापुरतं, ठेवणं चांगलंच, पण एजंट स्वतः क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) लिहीत असेल तर सेट कमांडच्या एका ओळीत ते बंद करू शकतो. एमसीपी, म्हणजे एजंटला बाहेरची टूल्स जोडायची पद्धत, तिच्यातल्या टूलवरचा रीडओन्लीहिंट ('हे टूल फक्त वाचतं' अशी खूण) हाही असाच, नावाप्रमाणे नुसती सूचना. टूल लिहिणाऱ्याने केलेला दावा आहे तो, कुलूप नव्हे.

'आधी सगळे हक्क देऊन टाक, चालू तर होऊ दे' म्हणणारा गुरू भेटला तर त्याचा नंबर काढून टाका. माझं स्पष्ट मत, एजंटला मोकळी क्वेरी लिहूच देऊ नका. आजची आवक, बाकी चुकारे, अशी चार-पाच ठरावीक टूल्स पुरतात. बँक खात्याचा रकाना तर व्ह्यूमध्येही (एजंटला दाखवायला निवडलेल्या रकान्यांच्या तक्त्यात) ठेवू नका, नुसतं वाचूनही माहिती बाहेर जाते.

घाबरू मात्र नका. रात्रीच्या बॅकअपमधून अकराही पट्ट्या परत आल्या, काकांचा चुकारा दुसऱ्या दिवशी झाला. आणि हे शिकायला पुण्याला जावं लागत नाही. लाइन असेल तेव्हा साध्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाका, डेटाची कॉपी घ्या, पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या खिडकीत) बॅकस्लॅश डीएफ प्लस (\df+) द्या, फंक्शनांची यादी येते. सिक्युरिटीच्या रकान्यात डिफायनर दिसेल ते प्रत्येक फंक्शन एजंटच्या रोलने लॉगिन करून चालवून पाहा. परवानगी नाकारल्याचा एरर येईपर्यंत एजंट जोडू नका.